राजाचं शेवटचं पत्र

१६ ऑगस्ट २०२४, शुक्रवार
काल चाळीच्या अंगणात झेंडावंदन झालं. दरवर्षीप्रमाणे स्वप्नीलने माइकवर राजाचं शेवटचं पत्र वाचलं आणि दरवर्षीप्रमाणे बायका रडल्या. मी रडत नाही. मी खुर्चीत ताठ बसते आणि त्याच्या बरोबरीने मनात म्हणत जाते. पंचवीस वर्षं झाली, अडखळत नाही कुठे. "प्रिय आई, तुझा राग म्हणजे तुझी माया, हे मला इथे येऊन कळलं. मी परत आलो नाही तर रडू नकोस. लालबागच्या मातीचं नाव मी खाली पडू देणार नाही." माझा राजेश, तेविसाव्या वर्षी कारगिलला गेला, त्याचं हे पत्र. गेल्यावर आलं.

पत्रानंतर स्वप्नीलने जाहीर केलं की दसऱ्याच्या आत चाळ रिकामी करायची, बिल्डरची तारीख पक्की झाली. टॉवर उभा राहिला की खाली लॉबीत हे पत्र काळ्या ग्रॅनाइटवर कोरून बसवणार. बिल्डर तयार आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण.

घरी येऊन गिऱ्हाइकांचे जेवणाचे डबे भरताना मनात आलं, दगडावर कोरणार ते ठीक, पण मूळ कागद माझ्याजवळ हवा. तो चाळीच्या मंडळाच्या कपाटात आहे. तेव्हा स्वप्नील म्हणाला होता, मावशी, घरात उंदीर, धूर, इथे नीट राहील. मला त्यांनी मंडळाच्या अहवालात छापलेलं पान दिलं, तेच फ्रेम करून भिंतीवर आहे. टॉवर होईपर्यंत ट्रान्झिटच्या खोलीत जायचं तर छापील कागद घेऊन जाऊ? मला माझ्या मुलाचं अक्षर पाहिजे. सोमवारी मागते.

२२ ऑगस्ट, गुरुवार
मागितलं. स्वप्नील म्हणाला, कपाटाची चावी खजिनदाराकडे आहे आणि तो गावी गेलाय. गणपती होऊ देत, मग काढू. बँकेतून दमून आला होता, मी ताणलं नाही. हा पोरगा नसता तर माझं काय झालं असतं? राजाचा लहानपणापासूनचा दोस्त, दोघं एका पाटावर बसून माझ्याकडे जेवायचे. माझी गिरणी कामगारांची खानावळ होती तेव्हा वीस-वीस माणसं पंगतीला असायची, पण ह्या दोघांचा कोपरा ठरलेला. राजा गेल्यापासून पितृपक्षात घातचतुर्दशीला, शस्त्राने गेलेल्यांच्या तिथीला, त्याच्या नावाचा पितर म्हणून स्वप्नीलच जेवायला बसतो. पंचवीस वर्षांत एकदाही चुकला नाही. बायको बाळंत होती त्या वर्षीसुद्धा आला.

दोन बुकं शिकल्याचा हा फायदा, कधी एकटं वाटलं की मी डायरीशी बोलते. डायरी खालच्या मेडिकलवाल्याने दिली. कौसल्या म्हणते, लिहायला लागल्यापासून तुझं ओरडणं कमी झालंय. कौसल्या म्हणजे शेजारच्या खोलीतली, चाळीस वर्षांची सोबत.

२९ ऑगस्ट, गुरुवार
आज पुन्हा विचारलं. म्हणाला, मावशी, कपाटाला वाळवी लागलीय असं ऐकतोय, मनाची तयारी ठेवा. मी म्हटलं, गेल्या आठवड्यात तर चावी नव्हती, वाळवी कोणी बघितली? तो हसला आणि म्हणाला, सव्वीस जुलैच्या पावसात पण पाणी शिरलं होतं ना आत. एकाच कागदाला वाळवी पण आणि पाणी पण. बिचारा, किती कामं अंगावर घेतो, डोकं ठिकाणावर राहणार कसं.

आता पत्राचंच लिहिते. राजा मला कधी "आई" म्हणाला नाही. "आये" म्हणायचा, हाक जिन्यापासून सुरू व्हायची. पत्रात मात्र "प्रिय आई" आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा जरा परकं वाटलं होतं. मग म्हटलं, पलटणीत राहून सुधारला असेल. माणूस मोठ्या ठिकाणी गेला की बोलणं बदलतं.

आणि ते रागाचं वाक्य. ते त्याने लिहिलं नसतं तर मी आज हयात नसते, हे खरं सांगते. शिमग्याला गावी जातो म्हणून घरातून गेला आणि भरतीला उभा राहून आला. मी त्याच्यासाठी परळच्या हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये शब्द टाकून ठेवला होता. हे गेलेले, गिरणी बंद, एक मुलगा, आणि तो न विचारता बंदूक धरायला निघाला. मी त्याला सांगितलं, तो गणवेश उतरवून येशील तेव्हाच तुझ्याशी बोलीन. बोलले नाही. दोन वर्षं. पहिली पत्रं आली ती न फोडता परत पाठवली, म्हणून मग तो स्वप्नीलच्या पत्त्यावर लिहायला लागला. सुट्टीवर आला तेव्हा रोज गरम जेवायला वाढलं, पण सगळं कौसल्येमार्फत. "कौसल्ये, त्याला विचार भात हवा का." तो समोर बसलेला. तो म्हणायचा, "कौसल्याकाकी, तिला सांग, थोडाच." पोट भरून वाढत होते ना मी? मग तोंडाने बोलायचं काय राहिलं होतं? आणि बघा, त्याला कळलंच होतं. लिहिलंय ना त्याने.

७ सप्टेंबर, शनिवार
गणपती आले. एकशे दहा मोदक. मान धरलीय.

१९ सप्टेंबर, गुरुवार
आजचं लिहून ठेवते.

मंडळाची खोली रिकामी करायला आज मजूर लावले. मला कोणी कळवलं नाही. डबे पोचवून आले तर पॅसेजमध्ये जुन्या अहवालांचे गठ्ठे, फाटके पडदे, सगळं रद्दीवाल्यासाठी टाकलेलं. स्वप्नील बँकेत. मी पाट घेतला आणि तिथेच बसले. वाळवी नव्हती. पाणीही लागलेलं नव्हतं. एकेक वर्ष बाजूला करत नव्व्याण्णवपर्यंत आले.

त्या वर्षीच्या अहवालाचं प्रेसमधून आलेलं प्रूफ होतं, त्याला टाचणीने तीन कागद लावलेले. मला वाटलं सापडलं. राजाचं अक्षर मुंगीसारखं बारीक होतं. हे अक्षर मोठं, गोल, उजवीकडे कललेलं. चाळीच्या फळ्यावर तीस वर्षं रोज सुविचार लिहिला जातो, तेच हे अक्षर. स्वप्नीलचं.

आणि ते पत्र तीनदा लिहिलेलं. पहिल्या कागदावर "प्रिय आये", मग "आये" खोडून "आई". "तू माझ्यावर रागावलीस तरी" असं लिहून खोडलंय. "तुझ्या रागाचं मला वाईट वाटत नाही", तेही खोडलंय. मग "तुझा राग म्हणजे तुझी माया", त्याच्याखाली दोन रेघा. लालबागच्या मातीचं वाक्य दुसऱ्याच शाईत, नंतर घातलेलं. समासात कोणीतरी बरोबरची खूण केलीय आणि लिहिलंय, छान.

छान.

मी ते वाक्य पंचवीस वर्षं देवाच्या नावासारखं घेतलं. ते एका पोराने खुर्चीत बसून, पेन चावत, जुळवलं. अहवालाचं पान भरायला.

२० सप्टेंबर, शुक्रवार
सकाळी त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. त्याची बायको दर्शना चहा टाकते म्हणाली, मी नको म्हटलं. तिन्ही कागद त्याच्यापुढे धरले. तो आधी कागदाकडे आणि मग माझ्या पायांकडे बघत राहिला. तोंडाकडे नाही.

म्हणाला, हो मावशी, मी लिहिलं. तुम्ही तेव्हा जेवत नव्हतात. भिंतीला डोकं लावून नुसतं म्हणायचात की माझा पोर माझ्यावर रागावून गेला. मला बघवेना. मंडळाने विचारलं राजेशचं काही पत्र आहे का, तेव्हा मी हे दिलं. एकदा वाचलं गेलं की मग थांबवता आलं नाही.

मी विचारलं, म्हणजे त्याचं शेवटचं पत्र नव्हतंच? दर्शना आत स्वयंपाकघरात भांडी उगाच हलवत होती. मी म्हटलं, स्वप्नील, पंचवीस वर्षं माझ्या मुलाच्या ताटात जेवलास, आता तरी खरं बोल. तेव्हा म्हणाला, होतं. मला आलं होतं. उद्या देतो.

केसाने गळा कापला. गळ्यावर हात फिरवते तर रक्त पण नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार
दिलं नाही. दर्शना येऊन गेली. म्हणते, मावशी, त्यांनी तुमच्यासाठीच केलं, आता जुनं कशाला उकरता. मी म्हटलं, तू लग्न होऊन आलीस दोन हजार चारला, तू ह्यात पडू नकोस. डबे आज खारट झाले, तीन परत आले.

२२ सप्टेंबर, रविवार
आणलं त्याने. प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी परत दुसऱ्या पिशवीत. त्याच्या घरच्या लोखंडी पेटीत होतं, कपाटात नव्हतंच कधी. अक्षर राजाचं. मुंगीसारखं. वर तारीख दोन जून. जसंच्या तसं इथे उतरवते, कारण मूळ कागद मी आता कोणाला दाखवणार नाही.

"स्वप्या, इथे फार वाईट आहे. परवा माझ्या बाजूला झोपणारा पोरगा गेला, सांगलीकडचा होता. माझे हात थांबत नाहीत रे, चहाचा मग दोन हातांनी धरतो. कोणाला सांगू नको, चाळीत तर नाहीच. सुटका होईल तेव्हा होईल. आयेचा राग गेला का? तिला म्हणावं दोन ओळी लिही. शिव्या दिल्या तरी चालतील. कोणाकडून लिहून घेतलेलं नको, तिच्या हातचं पाहिजे, खिशात ठेवीन. विसरू नको. तुझी परीक्षा कशी गेली? आंबोळ्या खाव्याशा वाटतात. राजा."

पाकिटावर लालबागच्या पोस्टाचा शिक्का आहे. चौदा जून. राजा एकोणतीसला गेला. मी बोटांवर दिवस मोजले, एकदा नाही, दहादा. लगेच उत्तर टाकलं असतं तर आठ-दहा दिवसांत त्याला पोचलं असतं. त्याच्या खिशात असतं.

मी स्वप्नीलला विचारलं, चौदा जूनला मिळालं तुला. गेल्याची बातमी एक जुलैला आली. मधले पंधरा दिवस तू काय करत होतास?

तो म्हणाला, "मी आलो होतो मावशी. त्याच संध्याकाळी. तुम्ही शेगडीपाशी होतात. माझ्या हातातलं पाकीट बघितलंत आणि म्हणालात, त्याचं असेल तर ह्या शेगडीत घाल. मी घाबरून परत फिरलो."

मी म्हटलं, खोटं. पंचवीस वर्षं खोटं लिहिणाऱ्याच्या तोंडून हेही खोटंच येणार. जा इथून.

२३ सप्टेंबर, सोमवार
मला असं काही आठवत नाही. खानावळीत दिवसाला पन्नास माणसं यायची, कोणाच्या हातात काय होतं हे मी बघत बसायची का? स्वतःची चूक माझ्या पदरात टाकायला बघतो. शिकलेली माणसं अशीच. कौसल्येला विचारलं, तुला आठवतं का काही? ती म्हणाली, माका काय म्हायत नाय, आणि वाटाणे निवडायला लागली. ती खरं लपवायचं असलं की काहीतरी निवडायला घेते.

२५ सप्टेंबर, बुधवार
आठवतं.

त्या दिवशी बांगडे होते. तव्यावर शेवटची खेप होती, हात तिखटाने भरलेला. स्वप्नील दारात उभा राहिला, शर्टाच्या खिशातून पाकीट अर्धं बाहेर. मी मान वर केली आणि ते बोलले. शब्द तेच, त्याने एकही बदललेला नाही. आणि नंतर त्याला विचारलं, जेवून जातोस का. तो नको म्हणाला. मला वाईट वाटलं होतं की बांगडे असून पोरगा न जेवता गेला. मला ते वाईट वाटलेलं आठवत होतं इतकी वर्षं. पाकीट तेवढं विसरले.

पण एक सांगते. मी तोंडाने बोलले. माझं तोंड चाळीला माहीत होतं, त्याला सगळ्यांत जास्त माहीत होतं. मी म्हणते शेगडीत घाल, म्हणजे लगेच कोणी घालतं का? दुसऱ्या दिवशी यायचं. ओरडले असते, मग वाचलं असतं. कौसल्येकडे द्यायचं. पंधरा दिवस होते त्याच्याकडे. राजाने "विसरू नको" असं दुसऱ्या कोणाला लिहिलं नव्हतं. त्याला सांगितलं होतं. स्वप्नील, एक निरोप होता, तो दिला नाहीस, आणि त्याच्या जागी दुसराच बनवून दिलास, गोड करून. त्याची भीती खोडलीस. माझ्या पोराचे हात थरथरत होते आणि तू लोकांना मातीचं नाव सांगत बसलास, आणि मी ताठ बसून ऐकत होते. पंचवीस वर्षं तो दोन हातांनी चहाचा मग धरून बसलाय आणि इकडे आम्ही टाळ्या वाजवतोय.

२८ सप्टेंबर, शनिवार
चाळीची मीटिंग. ग्रॅनाइटचा नमुना आणला होता, पत्राची पहिली ओळ सोनेरी अक्षरात. मी उभी राहिले. सगळ्यांना वाटलं आभार मानतेय. मी म्हटलं, दगडावर राजेश तळवडेकर एवढं नाव आणि दोन तारखा घाला. पत्र नको. अध्यक्ष म्हणाले, नलूताई, पत्र तर चाळीची शान आहे. मी म्हटलं, पत्र खाजगी आहे, आईचं आहे, आई नाही म्हणतेय.

स्वप्नील मागच्या रांगेत होता. मी मनात आणलं असतं तर तिथेच सगळ्यांसमोर त्याचं बिंग फोडलं असतं. तोंडापर्यंत आलं होतं. गिळलं. राजाने लिहिलंय, कोणाला सांगू नको, चाळीत तर नाहीच. एकाने तरी त्याचं ऐकायला हवं.

घरी येऊन भिंतीवरची फ्रेम उतरवली. मागे भिंत पांढरी राहिलीय, चौकोनी.

३० सप्टेंबर, सोमवार
उद्या घातचतुर्दशी. काळे वाटाणे भिजत घातले, वड्यांचं पीठ दळून आणलं. अळू मिळालं, भोपळा मिळाला. कौसल्या विचारते, पितर म्हणून बसवणार कोणाला? मी अळू निवडायला घेतलं. चाळीत राजाच्या वयाचे आहेत अजून दोघं-तिघं. पण त्यांनी राजाला धड ओळखलेलं नाही, त्याच्या ताटातलं खाल्लेलं नाही. ज्याने खाल्लंय त्याने हे केलं.

१ ऑक्टोबर, मंगळवार
सगळं झालं. आता दुपारचे चार वाजलेत. नीट लिहिते.

अकराला स्वयंपाक उरकला. वडे, वाटाण्याचं सांबारं, खीर, अळू, भोपळ्याची भाजी. शिवाय ह्या वर्षी आंबोळ्या. म्हाळात, पितरांच्या जेवणात, आंबोळ्या कोणी करत नाही, कौसल्या बघतच राहिली. केळीच्या पानावर वाडी काढून ठेवली, कावळ्याची. पाट मांडला, पुढे पान वाढलं.

बाराला स्वप्नील दारात आला. कोणी बोलावलं नव्हतं. दरवर्षीसारखा न्हाऊन, पांढरा सदरा घालून, अनवाणी. केस कानावर पांढरे झालेत, मी आजच बघितलं. आत आला नाही, उंबऱ्याबाहेर उभा.

मी त्याच्याकडे पाठ केली आणि म्हटलं, "कौसल्ये, त्याला सांग, ह्या पाटावर तो आता बसायचा नाही."

कौसल्या हलली नाही. हातातला पळा खाली ठेवला आणि म्हणाली, "गो नलू, आता माझ्या तोंडान नको. तेव्हा मी सांगत ऱ्हवलंय, ता चुकला माझा. तुका काय सांगूचा आसात ता तूच सांग."

खोलीत खिरीला माश्या घोंगावत होत्या तेवढाच आवाज. भाताची वाफ तोंडावर येत होती. मग वळले. त्याच्या तोंडाकडे बघून बोलणं फार कठीण गेलं, पण बोलले. म्हटलं, "तू त्याच्या जागी बसणार नाहीस. आज नाही, पुढे कधी नाही. तू माझा निरोप मारलास. आणि मी पाकीट बघून तोंड उघडलं, ते मला आठवलंय, ते मी कबूल करते. पण तुला माफ करायला मला जमत नाही, आणि जमेल असं खोटं मी लिहून देणार नाही."

तो मान हलवून ऐकत होता. रडत होता बहुतेक, मी पुसायला गेले नाही. जाताना उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला. जिना उतरताना त्याच्या पायांचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू. दर्शना खाली वाट बघत होती.

पाटावर मग कोणीच बसलं नाही. पान रिकाम्या पाटापुढे तसंच राहिलं. वाडी घेऊन मी गॅलरीत गेले. कठड्यावर ठेवायच्या आधी आत आले, ह्याच डायरीतलं मागचं एक कोरं पान फाडलं आणि उभ्या उभ्या लिहिलं. हात थरथरत होता. अक्षर वाईट आलं, पण माझ्या हातचं आहे, कोणाकडून लिहून घेतलेलं नाही. घडी करून केळीच्या पानाखाली, आंबोळीच्या बाजूला ठेवली. काय लिहिलं ते इथेही उतरवून ठेवते, नाहीतर उद्या कोणीतरी दुसरंच छापेल.

"राजा, पत्र मिळालं. न सांगता गेलास त्याचा राग अजून गेलेला नाही. बोलते तुझ्याशी, ये."

त्याने दोन ओळी मागितल्या होत्या. तीन झाल्या.